वाड्याच्या खांबांवर काजळी का चढली?

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी आणि कॉलेजपासूनचा माझा एक मित्र, असे दोघं मिळून सांगली भागातल्या एका जुन्या वाड्याची व्हर्च्युअल सफर बनवतोय. काम युनिटी या गेम इंजिनात, त्याच्या यूआरपी या हलक्या रेंडर पाइपलाइनवर. सफर दोन ठिकाणी चालायला हवी: येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साध्या अँड्रॉइड फोनवर आणि वाड्याच्या देवडीत ठेवायच्या पीसीवर. पीसीतलं ग्राफिक्स कार्ड मध्यम आहे. टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) एका मैत्रिणीने जीएलटीएफ या थ्रीडी फाइल-प्रकाराच्या मांडणीत बनवून दिली. कोपऱ्यांना वजन येईना म्हणून अँबियंट ऑक्लूजन, म्हणजे सांदीकोपऱ्यांत काळोख दाटवणारं तंत्र, लावलं. फोनवर यूआरपीचं तयार एसएसएओ (पडद्यावरच्या चित्रावरूनच काढलेलं ऑक्लूजन) आहे, पीसीवर मित्राने एका जुन्या ट्युटोरियलवरून लिहिलेला शेडर, म्हणजे रंग-उजेड ठरवणारा छोटा प्रोग्रॅम. आता सगळ्या वाड्याने काजळी धरल्यासारखं दिसतं. चौकातल्या भर उन्हात फरशीचे सांधे काळे. ओसरीचे खांब सगळ्यांत वाईट, मधोमधसुद्धा काळपट. पीसीवर चुन्याच्या सपाट भिंती करड्या, आणि झोपाळ्याच्या कड्यांमागे भिंतीवर काळी प्रभावळ हलत राहते. फोन थोड्या वेळात तापतो. मित्र म्हणतो, एचबीएओ प्लस हे ऑक्लूजनचंच दुसरं तंत्र घेऊ, नाहीतर सरळ रे ट्रेसिंग, म्हणजे चालू वेळी किरण सोडून उजेड मोजणं. मी म्हणते, सगळं बेक करू, म्हणजे उजेड आधीच मोजून साठवू. कोण बरोबर?

ता. क. मालकांना रात्रीचं, समईच्या उजेडातलं दृश्यही हवं आहे.

– एक वाचक, सांगली

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलंत की तंत्र कोणतं निवडायचं. पण पत्रातल्या लक्षणांपैकी निम्मीअधिक तंत्र बदलून जाणारी नाहीत. मित्राने उद्या एचबीएओ प्लस बसवलं तरी खांब काळेच राहतील. म्हणून आधी खांबांचं बघू, निवडीचं नंतर.

‘मधोमधसुद्धा काळपट’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. अँबियंट ऑक्लूजनचं काम सांदीकोपऱ्यात. खांब जिथे जोत्याला टेकतो, जिथे तुळईला भिडतो, तिथे काळोख दाटायला हवा. खांबाचा मधला भाग ओसरीकडे मोकळा आहे, त्याला कोण अडवणार? तिथेही काळं येत असेल तर शेडर ऑक्लूजन म्हणून भलतंच काहीतरी वाचतोय. जीएलटीएफच्या प्रचलित मांडणीत एकाच टेक्स्चरच्या लाल चॅनलमध्ये ऑक्लूजन, हिरव्यात रफनेस आणि निळ्यात मेटॅलिक असतं. यूआरपीचा लिट शेडर मात्र ऑक्लूजन हिरव्या चॅनलमधून वाचतो. मैत्रिणीने दिलेली फाइल जशीच्या तशी ऑक्लूजनच्या खणात टाकली असेल, तर तुमचा वाडा रफनेसच्या हिशेबाने काळा होतोय. चुन्याची भिंत खरखरीत, तिचा रफनेस एकच्या आसपास, त्यामुळे तिथे काही बिघडलेलं दिसत नाही. तेलपाणी केलेला सागवानी खांब गुळगुळीत. त्याचा रफनेस ०.३ असला तर शेडरच्या मते सत्तर टक्के उजेड अडला. तपासायला सोपं आहे. खांबाच्या मटेरियलमधून ऑक्लूजन मॅप काढून टाका. खांब उजळले की चोर सापडला. मग लाल चॅनल वेगळा काढून त्याचं करडं टेक्स्चर बनवा आणि तेच खणात लावा. मैत्रिणीला दोष देऊ नका, तिची फाइल बरोबरच आहे.

आता उन्हातले काळे सांधे. इथे अँबियंट ऑक्लूजन म्हणजे मुळात काय, ते एकदा बघावं लागेल, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. सूर्याचा थेट उजेड एका दिशेने येतो आणि त्याच्या सावल्या शॅडो मॅप काढतो. उरलेला उजेड आकाशातून, समोरच्या भिंतीवरून, अंगणातून, असा सगळीकडून येतो. तो नीट मोजणं महाग. म्हणून आपण तो सगळीकडे सारखाच आहे असं धरतो, आणि मग प्रत्येक बिंदूपाशी विचारतो की इथून किती आभाळ दिसतं. जेवढं झाकलेलं, तेवढा हा पसरलेला उजेड कमी करायचा. हा पसरलेला उजेडच फक्त, थेट ऊन नव्हे. झुकोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच कल्पनेचं एक रूप मांडलं. चित्रपटांत ती रुळवली इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या लोकांनी, २००१ च्या ‘पर्ल हार्बर’च्या सुमारास. हेडन लँडिस, केन मॅकगॉ आणि हिल्मार कोख या तिघांना त्यासाठी २०१० मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्यांची रीत अशी की झाकलेपण किरण सोडून एकदाच मोजून ठेवायचं आणि प्रकाशयोजना करताना ते साठवलेलं वापरायचं. तुम्ही ज्याला बेक म्हणता त्याचंच हे घराणं.

मग भर चौकात, जिथे ऊन थेट पडतंय, तिथले सांधे काळे का? कारण तुमच्याकडे ऑक्लूजन तयार झालेल्या पूर्ण चित्राला गुणलं जातंय, उन्हासकट. मित्राच्या शेडरमध्ये शेवटच्या ओळीत बहुधा नेमका हाच गुणाकार असेल. फोनवर यूआरपीच्या एसएसएओमधला ‘आफ्टर ओपेक’ हा पर्याय चालू आहे का बघा. टाइल पद्धतीच्या, म्हणजे चित्र तुकड्यातुकड्यांनी रंगवणाऱ्या, मोबाइल जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) तो वेग वाढवतो म्हणून बरेच जण लावतात, पण तो ऑक्लूजन चित्र रंगून झाल्यावर लादतो, म्हणजे प्रकाशाच्या नियमांना धरून नाही. तो बंद केलात की ‘डायरेक्ट लायटिंग स्ट्रेंथ’ कामाला येतं. ते शून्याच्या जवळ ठेवा. थोडंसं ठेवलं तर डोळ्याला बरं वाटतं हे खरं, आणि कलाकार मंडळी ते मुद्दाम ठेवतात. माझी त्याला हरकत नाही, फक्त ते ठरवून केलेलं असावं.

यातच एक खोच आहे. सूर्यासकट सगळा उजेड लाइटमॅपमध्ये, म्हणजे साठवलेल्या उजेडाच्या टेक्स्चरमध्ये, बेक केला, तर एसएसएओला थेट ऊन आणि पसरलेला उजेड वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्ही एकाच टेक्स्चरमधून येतात, त्यामुळे तो दोन्ही काळे करतो. म्हणून पीसीच्या आवृत्तीत मिक्स्ड लाइटिंग ‘बेक्ड इनडायरेक्ट’वर ठेवा: ऊन चालू वेळेचं, परावर्तित उजेड तेवढा बेक केलेला.

पीसीवरच्या करड्या भिंतींचं निदान ऐतिहासिक आहे. स्क्रीन-स्पेस अँबियंट ऑक्लूजन (एसएसएओ) लोकांनी पहिल्यांदा ठळक पाहिलं ते क्रायटेकच्या ‘क्रायसिस’ या गेममध्ये, २००७ साली. व्लादिमीर कजालिनने ते लिहिलं. युक्ती जबरदस्त होती: भूमिती विसरा, प्रत्येक पिक्सेलचं अंतर साठवणारा डेप्थ बफर तर हातात आहेच, त्यातच आजूबाजूचे बिंदू तपासा आणि किती बिंदू पृष्ठभागाच्या आत गेले ते मोजा. पण ते बिंदू पूर्ण गोलात घेतले जायचे. सपाट भिंतीवर उभं राहून चहूकडे गोल आखला तर अर्धा गोल भिंतीच्या आतच जातो. म्हणजे जिला कोणीही झाकलेलं नाही ती भिंतसुद्धा अर्धी झाकलेली ठरते आणि कडा उलट उजळ दिसतात. त्या काळच्या बऱ्याच ट्युटोरियलमध्ये हेच उतरलं. नंतर नॉर्मलच्या, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात निघणाऱ्या रेषेच्या, दिशेचा फक्त अर्धगोल घ्यायची रीत पडली आणि हा दोष गेला. शेडरमध्ये नॉर्मल कुठे वापरलाय का ते मित्राला विचारा. नसेल तर तो शेडर दुरुस्त करत बसू नका. पुढे सांगतो ते घ्या.

अजून एक हिशेब. तुमच्या वाड्यात काळोख किती ठिकाणी जमा होतोय ते मोजा. टेक्स्चरच्या मूळ रंगातच कोणी कोपरे रंगवून ठेवलेत का? विकतच्या मॉडेलमध्ये ते हमखास असतं. ऑक्लूजन मॅप लावलाय, ते दुसरं. लाइटमॅप बेक करताना तिथला ‘अँबियंट ऑक्लूजन’ हा खटका चालू आहे का, हे तिसरं. लाइटमॅपमध्ये परावर्तन मोजताना अडलेला उजेड आपोआप कमी होतोच, हा खटका त्यावर आणखी काळं ओततो. आणि वरून एसएसएओ. भाजीत घरातल्या चौघांनी आपापलं मीठ घातल्यावर कोणतं मीठ चांगलं ही चर्चा फोल आहे. मूळ रंगात काहीच नको. लाइटमॅपमधला खटका बंद. उरले दोन, त्यांची वाटणी करायची.

वाटणी कशी? मी दोनच प्रश्न विचारतो. हलतं का? आणि किती मोठं?

वाड्यात हलतं काय? झोपाळा आणि दरवाजे. बाकी सगळं दोनशे वर्षं जागचं हललेलं नाही, आणि तुमच्या सफरीतही हलणार नाही. जे हलत नाही त्याचं झाकलेपण प्रत्येक फ्रेमला, सेकंदाला साठ वेळा, नव्याने शोधणं हा अपव्यय आहे. इथे तुमचं म्हणणं बरोबर. स्थिर वाडा बेकच व्हायला हवा.

आता आकार. माजघराच्या आतला काळोख, ओसरीत चौकाकडून आत जाताना मंद होत जाणारा उजेड, जिन्याखालची अंधारी जागा, हे सगळं काही मीटरचं प्रकरण आहे. ते लाइटमॅपचं काम. कोणतंही स्क्रीन-स्पेस तंत्र हे नीट करू शकत नाही, कारण पडद्याबाहेर काय आहे ते त्याला माहीतच नसतं. मान वर केली आणि जमीन पडद्याबाहेर गेली की तिने अडवलेला उजेड परत येतो. रेडियस, म्हणजे आजूबाजूला तपासायचं अंतर, दोन-तीन मीटरचा ठेवून जे लोक खोलीचा काळोख एसएसएओकडून काढू बघतात, त्यांच्या चित्रात कॅमेरा फिरवताना भिंती उजळत-मावळत राहतात. उलट बाजूला कडीपाट बघा. छताच्या दोन तुळयांमधली खाच वीतभर. लाइटमॅपची घनता मीटरला दहा-वीस टेक्सेल (टेक्स्चरचे ठिपके) धरली तर एका टेक्सेलमध्ये पाच-दहा सेंटीमीटर जातात, म्हणजे खाचेच्या वाट्याला मोजके टेक्सेल. त्यात कडा स्पष्ट येणार नाहीत. कडीपाट, कोनाडे, देवळीची महिरप, खांबावरची कोरीव नक्षी यांच्यासाठी मॉडेलला बेक केलेला ऑक्लूजन मॅप हवा, तोही जवळच्या अंतराचा. बेक करताना किरणांचं कमाल अंतर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, नाहीतर खोलीचा काळोख या मॅपमध्येही शिरेल आणि हिशेब पुन्हा चुकेल.

बेकच्या कामात तुम्हाला तीन ठिकाणी त्रास होईल. दरवाजे आणि झोपाळा बेकच्या वेळी बाजूला काढा. नाहीतर दिंडी उघडली तरी चौकटीत बंद दाराचा काळा ठसा उरतो. त्यांना उजेड लाइट प्रोबमधून, म्हणजे जागोजागी उजेड मोजून ठेवलेल्या बिंदूंतून, द्या. दुसरं म्हणजे जोत्यात रुतवलेले खांब. मॉडेल करताना खांब फरशीच्या आत चार बोटं घुसवलेला असतो, आणि फरशीच्या आत दडलेले टेक्सेल ठार काळे बेक होतात. टेक्स्चर गाळून वाचताना तो काळा रंग बाहेर झिरपतो आणि खांबाच्या पायाशी एक घाणेरडी रेघ येते. ती ऑक्लूजनसारखी दिसते म्हणून लोक तिला सोडून देतात. सोडू नका: खांब फरशीपाशीच कापा, किंवा लपलेली तोंडं काढून टाका. तिसरी गोष्ट दुसऱ्या यूव्हीची, म्हणजे मॉडेलचं पृष्ठ सपाट उलगडून टेक्स्चरवर मांडायच्या नकाशाची. लाइटमॅपच्या यूव्हीत तुकडे एकमेकांवर चढलेले चालत नाहीत आणि तुकड्यांमध्ये थोडी मोकळी जागा लागते. फळ्यांचा कडीपाट एकाच तुकड्यावर दहा वेळा चढवलेला असेल तर मूळ रंगाला ते चालतं, लाइटमॅपला नाही.

फोनचा निर्णय यातून आपोआप लागतो: फोनवर स्क्रीन-स्पेस काहीच नको. पूर्ण बंद. ॲड्रेनो काय आणि माली काय, फोनचे जीपीयू चित्राचे छोटे तुकडे आपल्या आतल्या स्मृतीत रंगवतात, आणि त्यांची सगळी बचत त्यावर उभी असते. एसएसएओला आजूबाजूची खोली लागते, म्हणून डेप्थ बफर आधी पूर्ण बाहेरच्या मेमरीत लिहायचा, मग प्रत्येक पिक्सेलसाठी दहा-बारा ठिकाणी तो परत वाचायचा, वर ब्लरच्या फेऱ्या. मेमरीची ही ने-आणच बॅटरी खाते आणि फोन तापवते. तापला की फोन स्वतःच चिपचा वेग मंद करतो आणि फ्रेम गळायला लागतात. तुमच्या पाहुण्यांचे फोन आधीच उन्हातून आलेले असतील. फोनवर झोपाळ्याखाली मऊ काळ्या ठिपक्याचं एक पारदर्शक टेक्स्चर सरकवा, झोपाळ्यासोबत पुढे-मागे. जुनी युक्ती आहे, पण बघणाऱ्याला झोपाळा जमिनीशी नातं सांगताना दिसतो आणि खर्च जवळजवळ शून्य. जागेची चिंता असेल तर २०४८ बाय २०४८ चा ऑक्लूजन मॅप एएसटीसी या टेक्स्चर दाबायच्या पद्धतीच्या ६ बाय ६ ठोकळ्यांत दाबला की अडीच एमबीच्या आत बसतो. मोजमाप घेताना फोन गार असताना घेऊ नका. सफर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि मग बघा. आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघू नका, मिलिसेकंद बघा. साठ फ्रेमसाठी तुमच्याकडे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद आहेत, तीसला ३३.३, एखाद्या गोष्टीने २ मिलिसेकंद खाल्ले हे कळतं, ‘सात एफपीएस गेले’ यातून काही कळत नाही.

आता पीसी, जिथे खरी निवड आहे. इथे स्क्रीन-स्पेस ठेवा, पण त्याला छोटंच काम द्या: झोपाळा, दारं आणि बेकमधून सुटलेल्या बारीक सांदी. रेडियस तीस ते पन्नास सेंटीमीटर. तीव्रता एवढी की बंद केल्यावर कळावं, चालू असताना लक्ष जाऊ नये.

मित्राच्या एचबीएओ प्लसबद्दल. मूळ एचबीएओ २००८ चं, एनव्हिडियाच्या लुई बाव्होइल आणि मिगेल साइन्झ यांचं. त्यात सुटे बिंदू मोजण्याऐवजी डेप्थ बफरवर एकेका दिशेने चालत जाऊन क्षितिज किती वर चढलंय ते बघतात. समोर डोंगर उंच असेल तर आभाळ कमी दिसणार, तेच. गोलात बिंदू फेकण्यापेक्षा हे पुष्कळ बरं होतं. प्लस त्यानंतर २०१३ मध्ये आलं, मुख्यतः वेगासाठी नव्याने बांधलेलं. तंत्र वाईट नाही. पण नावापुढे अधिकचं चिन्ह आहे म्हणून आज नव्या कामात ते शोधत जाण्याचं कारण मला दिसत नाही.

मी तुमच्या पीसीसाठी जीटीएओ घेईन. ॲक्टिव्हिजनच्या होर्हे हिमेनेस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते मांडलं. कल्पना क्षितिजाचीच, पण दोन बाबतींत हिशेब पक्का केलेला. एक म्हणजे, पृष्ठभागावर तिरका येणारा उजेड कमी उजळतो आणि समोरून येणारा जास्त, हे वजन त्यात धरलंय, आणि दोन क्षितिजांमधल्या कमानीचं गणित सूत्राने सोडवलंय, अंदाजाने नाही. त्यामुळे त्याच गृहीतकांवर किरण सोडून काढलेल्या चित्राशी ते जुळतं. दुसरी गोष्ट तुमच्या वाड्यासाठी जास्त मोलाची. साधं ऑक्लूजन धरून चालतं की अडलेला उजेड कायमचा गेला. पण पांढऱ्या चुन्याच्या कोनाड्यात उजेड शिरला की तो आतल्या आत उसळत राहतो. असा कोनाडा कधीच काळा पडत नाही, करडाही फारसा नाही. काळसर सागवानाच्या खाचेत मात्र तो गिळला जातो. जीटीएओच्या लेखात यासाठी एक छोटं सूत्र दिलंय, ज्यात पृष्ठभागाचा मूळ रंग घालून झाकलेपण हलकं करता येतं. चुना आणि सागवान शेजारी-शेजारी असलेल्या इमारतीत याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेच पडत नाही. तुमच्या ‘काजळी’तला बराच भाग म्हणजे चुन्याला लाकडाच्या मापाने काळं करणं आहे. पीसीवर डिफर्ड (आधी पृष्ठभागाची माहिती साठवून मग उजेड लावायची) पद्धत ठेवलीत तर मूळ रंग बफरमध्ये तयार असतो, सूत्र लावणं सोपं जातं.

वेगाचं म्हणाल तर मूळ लेखात प्लेस्टेशन ४ वर १०८०पी चित्रासाठी अर्ध्या मिलिसेकंदाचं उद्दिष्ट होतं, अर्ध्या रिझोल्यूशनवर आणि नॉइज (दाणेदारपणा) काही फ्रेममध्ये वाटून. तुमचं मध्यम कार्ड त्याहून कमी असण्याची शक्यता नाही. मित्राला कोरी पाटी घेऊन बसवू नका. इंटेलने २०२१ मध्ये एक्सई-जीटीएओ नावाने पूर्ण कोड एमआयटी या मुक्त परवान्याखाली मोकळा केलाय, एचएलएसएल या शेडरच्या भाषेत, नॉइज आणि गाळणीसकट. युनिटीत आणायला थोडी मेहनत आहे, पण तुमच्या मित्राने शेडर लिहिलाय म्हणजे ते त्याच्या आवाक्यातलं आहे, आणि नुसतं नाव मिरवण्यापेक्षा या कामात तो जास्त शिकेल. तेवढा वेळ नसेल तर यूआरपीचंच एसएसएओ पीसीवर ठेवा, नॉर्मलसकट, आफ्टर ओपेक बंद करून, छोट्या रेडियसवर. नव्वद टक्के लोकांना फरक कळणार नाही. मला कळेल, तुम्हालाही कळेल, मालकांना बहुतेक नाही.

झोपाळ्याच्या कड्या ही खरी अवघड जागा. डेप्थ बफरला फक्त पुढची बाजू ठाऊक असते. कडी बोटभर जाड आहे की तिच्यामागे भिंतीपर्यंत भरीव पितळ आहे, हे त्याला सांगता येत नाही. आणि बहुतेक तंत्रं भरीवच धरतात. म्हणून कडीमागच्या भिंतीला वाटतं की आपल्यासमोर आडवा पडदा आहे, आणि प्रभावळ उमटते. छोट्या रेडियसने यातलं बरंचसं जाईल, कारण झोपाळा भिंतीपासून हातभराहून लांब असतो आणि रेडियसबाहेरचं अडवणं मोजलंच जात नाही. जीटीएओमध्ये पातळ वस्तूंसाठी एक अंदाजी तडजोडही आहे. तरीही प्रभावळ उरली तर २०२३ चा व्हिजिबिलिटी बिटमास्क बघा. तेरियाँ, लेव्हेक आणि जिले यांचा. त्यात एका क्षितिजाऐवजी अर्धवर्तुळाचे ३२ भाग करून कोणता झाकलाय आणि कोणता मोकळा ते एकेका बिटमध्ये लिहितात, आणि प्रत्येक वस्तूला ठराविक जाडी देतात. त्यामुळे उजेड कडीच्या मागून जाऊ शकतो. कठडे, जाळ्या, कड्या यांना हे फार मानवतं. पण आधी रेडियस कमी करून बघा, उगीच नवा शेडर ओढवून घेऊ नका.

आणि रे ट्रेसिंग. चित्र सुंदर येतं, पडद्याबाहेरचंही दिसतं, प्रभावळ नाही. पण १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. प्रत्येकी एकच किरण सोडला तरी साठ फ्रेमला सेकंदाला १२ कोटींवर किरण झाले, आणि एका किरणात येतं ते नुसतं खसखशीसारखं चित्र. ते गाळायला वेगळा डीनॉइझर. युनिटीत रे ट्रेसिंगचं तयार अँबियंट ऑक्लूजन आहे ते एचडीआरपी या तिच्या जड पाइपलाइनमध्ये, आणि एचडीआरपी फोनवर चालत नाही. म्हणजे एकाच वाड्याचे दोन प्रकल्प, दोन मटेरियल संच, दोन बेक, आणि माणसं दोनच. झोपाळ्याखालच्या सावलीसाठी हे परवडणारं नाही. बेक हेही किरण सोडणंच आहे. किरण आधी सोडून ठेवलेत, इतकाच फरक.

म्हणजे कोण बरोबर? फोनपुरत्या तुम्ही, पूर्णपणे. पीसीवर मित्राची ‘चांगलं तंत्र हवं’ ही ओढ बरोबर, त्याने सुचवलेली दोन्ही नावं नाहीत. हे माझ्या शब्दावर मिटवू नका. चार कॅमेरे पक्के करा: दुपारचा चौक, ओसरीचा आतला कोपरा, खालून वर दिसणारा कडीपाट आणि हलता झोपाळा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये याच चार जागांवरून भरपूर सॅम्पल देऊन चित्रं काढा. ती तुमची फूटपट्टी. मग प्रत्येक पर्यायाचं चित्र, शेजारी मिलिसेकंद लिहून. आणि प्रत्येकाबरोबर निव्वळ ऑक्लूजनचं, रंगाशिवायचं चित्रही ठेवा. त्यात सपाट भिंत शुभ्र दिसली पाहिजे. नावं झाकून दोघांनी आपापली निवड लिहा. झोपाळ्याचं मात्र स्थिर चित्र पुरणार नाही, व्हिडिओच घ्या. नॉइज आणि लुकलुक स्थिर चित्रात लपून बसते.

राहिली रात्र. समईच्या दृश्यात पसरलेला उजेड जवळजवळ नसतोच; असतो तो वातींचा, थेट, आणि त्याच्या सावल्या लांब. ज्या उजेडाला ऑक्लूजन अडवतं तोच नाही, तर ऑक्लूजनचंही काम उरत नाही. पीसीवर रात्री त्याची तीव्रता अर्ध्याच्या खाली आणा, आणि मिलिसेकंद समईच्या सावलीच्या शॅडो मॅपवर खर्च करा. वातींचा जरासा हेलकावा शेडरमधून द्या, सावलीही त्याबरोबर हलू द्या. फोनवर रात्रीसाठी लाइटमॅपचा वेगळा संच बेक करून दृश्य बदलताना तो स्क्रिप्टने अदलाबदल करा. ॲपचा आकार त्याने वाढेल, तेव्हा रात्रीचा संच निम्म्या रिझोल्यूशनचा ठेवा. अंधारात तो कोणाला खुपणार नाही. फक्त समईच्या भोवतालची फरशी आणि मागची भिंत यांची घनता कमी करू नका, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाणार.